दोन मुठींनी आखूड

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून निरीक्षक घरी बसले, तेव्हा त्यांची गत रिकाम्या तराजूसारखी झाली. पारड्यात काही नाही, पण काट्याची थरथर थांबत नाही.

गल्लीत त्यांना अजूनही सगळे निरीक्षकच म्हणत. ते रस्त्याने जाऊ लागले की दुकानदार सवयीने वजनकाट्यावरून हात उचलत. हातांच्या बाबतीत त्यांची नजर घारीसारखी होती. कोणता वाणी अंगठ्याने पारडं दाबतो, कोणता करंगळीने, कोणता बोलता बोलता कोपर टेकवतो, हे त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसे. या गावातल्या अप्रामाणिक हातांचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता. प्रामाणिक हातांकडे लक्ष द्यायची मात्र त्यांना कधी गरज पडली नव्हती.

निवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातला एकेक डबा रिकामा आणि भरलेला असा दोनदा वजन करून त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात ते ओट्याशी उभे राहून मीठ डाव्या बाजूला का ठेवतेस म्हणून विचारू लागले. उजवीकडे ठेवलं तर दरवेळी हात आडवा न्यावा लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी मीठ उजवीकडे ठेवलं. तिने ते डावीकडे नेलं. मीठ चार दिवस असं इकडून तिकडे फिरलं. पाचव्या दिवशी तिने हातातल्या पळीने उंबरा दाखवून सांगितलं की यापुढे पाणी प्यायचं असेल तेवढ्यापुरतंच आत यायचं. निरीक्षकांनी अडतीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज इतका शांत कधी ऐकला नव्हता. ते मुकाट्याने बाहेर येऊन बसले.

माणूस निवृत्त झाला की घरातल्या वस्तूंना तो दिसू लागतो आणि त्यांना ते आवडत नाही, असं त्यांना त्या दिवसांत वाटे. खुर्ची कुरकुरे. घड्याळ त्यांच्याकडे बघून टिकटिक करी. दारामागच्या कोपऱ्यात उभी असलेली काठी तर सरळ हसे.

ही काठी ऑफिसने निरोप समारंभात दिलेली. निरीक्षकांचे गुडघे ठणठणीत होते, तरी काठी. काळी, जड, शिसवी, वरपासून खालपर्यंत सारखीच जाड, देणाऱ्यांच्या बुद्धीसारखी. काठीच्या खोक्यावर लांबी ब्याण्णव सेंटिमीटर छापली होती. घरी आल्या आल्या त्यांनी मोजली, तर नव्वद भरली. हा अपमान त्यांना काठीच्या अपमानापेक्षा जास्त लागला.

आणि मग सुरी मोडली.

ही सुरी बायकोने लग्नात माहेरून आणलेली. घरात आणखी तीन सुऱ्या होत्या, चकचकीत, मुलीने वेळोवेळी आणून दिलेल्या. त्या खणात कागदात गुंडाळून पडलेल्या असत. बायको कापी ती या एकाच सुरीने. पातं पोलादी, काळं पडलेलं, घासून घासून मूळच्या निम्म्या रुंदीचं झालेलं. मूठ कधी तडकली तेव्हा तिच्यावर दोरी बांधली, दोरी सैल झाली तेव्हा वरून चिकटपट्टी गुंडाळली. शेवटी एका सकाळी कोबीच्या मध्यावर मूठ करकरली आणि एका बाजूने उघडलीच. नेमक्या त्याच दिवशी बायकोच्या बहिणीचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि बारा दिवस कुणीतरी जवळ हवं होतं. बायकोने पिशवी भरली, सुरीला नवी चिकटपट्टी गुंडाळली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "त्या सुरीला हात लावू नका. आल्यावर मी बघते."

निरीक्षकांनी मान हलवली. गाडी कोपऱ्यावरून वळली तोवर त्यांच्या डोक्यात पुढच्या बारा दिवसांचा तक्ता तयार होता. ही सुरी आपण अशी करून दाखवायची की तिने स्वतःहून म्हणावं, या, आत बसा. उंबऱ्याच्या आत जागा मिळवायचा दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता.

पहिले तीन दिवस नुसतं मोजण्यात गेले. चिकटपट्टीचे थर सोलले, त्याखालची दोरी सोडवली. मुठीचे तीन पितळी खिळे कानशीने घासून ठोकून काढले. मूठ दोन फाकांत सुटली. पात्याच्या शेपटाला दोन्हीकडून लावलेली लाकडं, डावी आणि उजवी. लाकूड तेलाने आणि घामाने काळं कुळकुळीत झालेलं. उजव्या फाकेवर अंगठ्याएवढा एक खळगा पडला होता, कडेपासून एकोणीस मिलिमीटरवर, चार मिलिमीटर खोल.

इथे निरीक्षक अडले. सुरी उजव्या हातात धरली तर अंगठा डाव्या बाजूला येतो. मग खळगा उजवीकडे कसा? त्यांनी सुरी धरून पाहिली. दहा वेळा पाहिली. प्रथम त्यांना वाटलं, काढताना आपणच फाकांची अदलाबदल केली. पण भोकं जुळवून बघितली तर अदलाबदल नव्हती. तेव्हा एकच निष्कर्ष उरला: सुरी बनवणाऱ्याने चूक केली होती, आणि ती चूक अडतीस वर्षं त्यांच्या घरात नांदत होती. त्यांनी वहीत लिहिलं, 'मूळ दोष. नव्या मुठीत दुरुस्त करणे.' आणि खाली रेघ मारली.

पुढचं काम सुताराकडे. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. भुशाचा वास, भिंतीवर लटकलेल्या करवती, दारात कायम अर्धी झालेली एक खाट, कुणाची ते सुतारालाही आठवत नसावं. सुतार आणि निरीक्षक यांचं जुनं वाकडं होतं. वीस वर्षांपूर्वी निरीक्षकांनी त्याची लाकडी मीटरपट्टी दोन मिलिमीटर आखूड म्हणून जप्त केली होती. सुताराने त्यानंतर नवी पट्टी घेतली, मुलांची लग्नं केली, चष्मा लावला, पण ते दोन मिलिमीटर काही तो विसरला नाही. निरीक्षक दुकानावरून गेले की तो दोन बोटांत तेवढी फट धरून दाखवी आणि नमस्कार करी.

शेगडीवर हात शेकत त्याने निरीक्षकांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. सुरी उलटसुलट केली. म्हणाला, लाकूड कुठलं लावायचं?

निरीक्षकांनी काठी पुढे केली.

सुताराने काठीकडे पाहिलं, मग निरीक्षकांच्या गुडघ्यांकडे. मग त्याने काठी बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. खालच्या टोकाकडून बारा सेंटिमीटरचा तुकडा कापला तेव्हा निरीक्षकांच्या जिवाला असा गारवा वाटला की निरोप समारंभातली भाषणंसुद्धा त्यांनी मनातल्या मनात माफ करून टाकली. तुकडा मधून उभा चिरला, काठीला खालून रबराची टोपी परत बसवली. बाकीचं मी करणार, असं निरीक्षकांनी बजावून सांगितलं.

पाच दिवस ते रोज दुपारी जाऊन बसले. कानस, मग जाडा पॉलिशपेपर, मग बारीक. पात्याचा गंज रॉकेलने काढला. बायकोच्या तळहाताचं माप हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताचं घेतलं आणि त्यातून आठवा हिस्सा वजा केला. बायकांचे हात साधारण तेवढे लहान असतात, असा त्यांचा अंदाज होता. खळगा डाव्या फाकेवर घेतला, एकोणीस मिलिमीटरवर, चार मिलिमीटर खोल, अगदी काटेकोर. बुधवारी नवे पितळी खिळे ठोकून मूठ बसवली. काळ्या शिसवीत पिवळे तीन ठिपके. निरीक्षक ती मूठ घेऊन उजेडाकडे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

धार लावायची तेवढी बाकी होती. ते काम चाकावरचं, म्हणजे सुताराचं. त्याने पातं डोळ्यासमोर आडवं धरलं, एक डोळा मिटला. मग बाकावर पडलेल्या जुन्या फाका उचलल्या, त्यातल्या एकीच्या खळग्यात आपला डावा अंगठा ठेवला. म्हणाला, "वहिनी डावखुऱ्या आहेत का?"

निरीक्षक हसले. नाही म्हणाले. सुतार म्हणाला की पातं एकाच बाजूने उतरलंय, आणि ते डाव्या हाताने घासणाऱ्याचंच असं उतरतं. शिवाय हा खळगा. निरीक्षक म्हणाले, तो बनवणाऱ्याचा दोष. सुतार म्हणाला, बनवणारा खळगा करत नाही, तो वापरणाऱ्याचा अंगठा करतो.

"अडतीस वर्षं संसार केलाय मी," निरीक्षक म्हणाले. "माझी बायको डावखुरी असती तर मला कळलं नसतं?"

सुताराने फक्त दोन बोटांत तेवढीशी फट धरली आणि सुरी परत दिली. धार नंतर लावू म्हणाला.

घरी येताना निरीक्षक रागाने भराभर चालले. काठी बगलेत. सुताराला काय कळतं. ती लिहिते उजव्या हाताने. जेवते उजव्या हाताने. वाढते, पैसे देते, दार लावते, सगळं उजव्या हाताने. आणि कापते... इथे त्यांचं पाऊल थबकलं. कापते कशी, ते त्यांना आठवेना.

त्यांनी डोळे मिटून पाहिलं. कापताना ती दिसायची ती पाठमोरी. पाठ, मानेवरचा केसांचा अंबाडा, एका लयीत हलणारे खांदे आणि फळीवरचा तो आवाज. अडतीस वर्षं रोज दोन वेळा तो आवाज त्यांच्या कानांवरून गेला होता. त्या आवाजाच्या टोकाला एक हात होता आणि तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. गावातला प्रत्येक हात पाहिला होता, हा राहून गेला.

घरी येऊन त्यांनी तपासणी सुरू केली. बायको नसल्यामुळे उंबऱ्याचा प्रश्न नव्हता. सुरी अडकवायचा खिळा ओट्याच्या डाव्या हाताला. मीठ डाव्या हाताला. भाजी कापायच्या फळीवर शेकडो ओरखडे, सगळे एकाच बाजूला कललेले. निरीक्षकांनी उजव्या हातात चमचा घेऊन हवेत कापून पाहिलं, ओरखडे उलटे पडणार. डाव्या हातात घेतला, जुळले. एवढा स्वच्छ पुरावा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

तरी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून मुलीला फोन केला. मुलगी डावखुरी होती. हे मात्र त्यांना माहीत होतं. लहानपणी ती डाव्या हाताने चित्रं काढू लागली तेव्हा ते येईल त्या पाहुण्यासमोर म्हणत, आमच्या दोन्ही घराण्यांत कुणी डावखुरं नाही, ही कुणावर गेली कोण जाणे. आणि तेव्हा आतून फळीवरचा तो आवाज येत असे, हे त्यांना फोन लागता लागता आठवलं.

एक फॉर्म भरायचाय, असं त्यांनी सांगितलं. घरात डावखुरे किती, असा एक रकाना आहे.

मुलगी म्हणाली, "दोन लिहा, बाबा. मी आणि आई."

"आई लिहिते उजव्या हाताने," निरीक्षक म्हणाले.

शाळेत मारून मारून लिहायला शिकवलं तिला, असं मुलीने सांगितलं. चार लोकांत करायचं ते सगळं ती उजव्या हाताने करते, स्वयंपाकघरात तिला कोण बघतंय. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

निरीक्षकांनी तिच्याकडून वचन घेतलं, आईला यातलं अक्षर सांगायचं नाही. मुलगी वचन देताना हसत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

आता उंबऱ्याच्या आत जागा मिळायची गोष्टच मागे पडली. शनिवारी सकाळी बायको येणार, सुरी हातात घेणार, अंगठा खळग्याला शोधणार आणि तिला खळगा सापडणार नाही. त्या एका क्षणात तिला कळणार की या माणसाने मला अडतीस वर्षांत एकदाही नीट पाहिलेलं नाही. तिला हे कळता कामा नये. मोडक्या मुठीने कापत राहिली असती तरी चाललं असतं, पण हे कळता कामा नये. आणि हातात दोन दिवस होते.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच निरीक्षक दारातल्या अर्ध्या खाटेवर बसलेले सुताराला दिसले. मांडीवर काठी आडवी. त्यांनी काठी मुकाट्याने पुढे केली. सुताराने ती मुकाट्याने व्हाइसमध्ये आवळली. आणखी बारा सेंटिमीटर.

या वेळी निरीक्षकांनी स्वतःचा हात मोजला नाही. जुन्या फाका समोर ठेवल्या आणि दर पाच मिलिमीटरला एक माप घेत गेले. जिथे लाकूड झिजलं होतं तिथे झिजवलं. मागच्या टोकाला करंगळी टेकून टेकून एक छोटी खाच पडली होती, ती केली. तळहाताच्या बाजूचा उंचवटा तिरका झाला होता, तो तिरका केला. अडतीस वर्षांत तिच्या हाताने जे केलं ते त्यांना दीड दिवसात कानशीने करायचं होतं. त्यांच्या हाताला दोन फोड आले. मधूनच ते मूठ डाव्या हातात धरून डोळे मिटत, आणि तिथे तिचा हात आहे असं समजून बघत. सुतार हे सगळं पाहून न पाहिल्यासारखं करी.

शुक्रवारी दुपारी खिळे बसले, जवसाचं तेल पाजलं. सुताराने चाक सुरू केलं, पातं जसं उतरलं होतं त्याच उताराने धार लावली. ठिणग्या उडत असताना निरीक्षक चाकाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "तुमची ती मीटरपट्टी. ती दोन मिलिमीटर आखूड नव्हती."

सुताराने चाक बंद केलं. "काय म्हणालात?"

"दीड होती. मी दोन लिहिलं."

सुताराने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुन्हा एकदा म्हणा म्हणाला. निरीक्षकांनी पुन्हा म्हटलं. त्याने तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. त्यानंतर त्याने इतकी बारीक धार लावली की निरीक्षकांच्या मनगटावरचे केस नुसत्या फुंकरीने उडावेत तसे उडाले. बुधवारी बसवून नंतर काढून टाकलेल्या शिसवी मुठीच्या दोन्ही फाका त्याने कागदात बांधून त्यांच्या खिशात घातल्या. एवढी मेहनत टाकू नका म्हणाला.

शनिवारी बायको आली. पिशवी ठेवली, बहिणीचा गुडघा, बहिणीची सून आणि तिथलं पाणी यांच्याविषयी सांगितलं, हातपाय धुतले आणि आत गेली. निरीक्षक बाहेर वर्तमानपत्र धरून बसले. वर्तमानपत्र उलटं होतं.

आत खिळ्यावरून सुरी उतरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. हे काहीच नाही फार वेळ चाललं. मग फळीवर पहिला घाव पडला, दुसरा, आणि मग तीच ती लय. निरीक्षकांनी श्वास सोडला. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असं म्हणायला हरकत नाही. कोबी होता, नंतर कांदा.

लय थांबली. बायको सुरी घेऊन बाहेर आली. ती खूश दिसत होती, पण तिला ते दाखवायचं नसावं. मूठ छान झालीय म्हणाली. करंगळीची खाचसुद्धा आहे म्हणाली. लाकूड कुठलं?

निरीक्षकांनी हसून दारामागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. हीच त्यांची चूक झाली.

बायको कोपऱ्यात गेली. काठी आता तिच्या कमरेच्याही बरीच खाली आली होती. एखाद्या ठेंगण्या माणसाने उधार मागावी अशी. तिने काठी पूर्वीच्या उंचीइतकी उचलून धरली, सुरीची मूठ रबरी टोपीशी आणली, अंदाजाने खाली एकदा ठेवली, मग आणखी खाली दुसऱ्यांदा. काठी पूर्वी कुठवर यायची, ते तिला झाडताना पाठ झालेलं होतं.

"सुरीला मूठ एक," ती म्हणाली. "काठी दोन मुठींनी आखूड आहे. दुसरी कुठाय?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांनी असंख्य दुकानदारांना हाच प्रश्न विचारला होता, आणि दुकानदारांचे चेहरे कसे होतात ते त्यांना माहीत होतं. आपला तसाच झालाय हेही त्यांना कळलं. पहिली बिघडली म्हणाले. दाखवा म्हणाली. त्यांनी खिशातून कागद काढला.

तिने दोन्ही फाका जुळवून डाव्या हातात धरल्या. अंगठा इकडे तिकडे फिरला. मग तिने त्या उजव्या हातात घेतल्या, आणि अंगठा खळग्यात जाऊन बसला. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"कधी कळलं?"

"बुधवारी," निरीक्षक म्हणाले.

"या बुधवारी?"

निरीक्षकांनी मान खाली घातली.

ती फाका घेऊन आत गेली. निरीक्षकांना वाटलं, आता फळीवर काहीतरी जोरात आपटणार. त्याऐवजी स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि मग एक विचित्र आवाज, दबलेला, थांबून थांबून येणारा. ते घाबरून उंबऱ्याशी गेले. बायको स्टुलावर बसून पदराने डोळे पुसत होती. खांदे हलत होते. ती हसत होती की दुसरं काही, हे त्यांना तिकडून नीट दिसेना, आणि आत जायची परवानगी नव्हती.

"मी वाट बघत होते," ती अखेर म्हणाली, "मीठ तिसऱ्यांदा हललं की तरी विचाराल." आणि पुन्हा तो आवाज. या वेळी हसणंच होतं, निदान बरंचसं.

मग तिने ती उजवी मूठ त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं की ही कुणाच्या मापाची. माझ्याच, ते म्हणाले, आठवा हिस्सा वजा करून. बायकोने त्यांचा उजवा हात ओढला, मूठ त्यात ठेवली, बोटं मिटवली. जरा लहान होत होती. खणातून मुलीने दिलेली एक चकचकीत सुरी तिने काढली आणि कागदासकट त्यांच्या दुसऱ्या हातात दिली.

"हे पातं सुतारभाऊंकडून या मुठीत बसवून आणा. रोज एवढा कांदा मी एकटीनेच का कापायचा?"

आता ओट्याच्या दोन्ही बाजूंना खिळे आहेत. डावीकडच्यावर तिची सुरी, उजवीकडच्यावर त्यांची. निरीक्षकांना उंबऱ्याच्या आत स्टूल मिळालंय. ते कांद्याच्या सगळ्या फोडी सारख्या करतात, एखादी मोठी निघाली तर परत कापतात, आणि त्यामुळे जेवण रोज पाऊण तास उशिरा होतं. मीठ डावीकडे आहे. उरलेल्या काठीने बायको वरच्या फळीवरचे डबे पुढे ओढते, त्याला ती लांबी बरोबर बसली.

पहिल्या आठवड्यात निरीक्षकांनी तीनदा बोट कापून घेतलं. मान न वळवता बायको म्हणते, "सुरीकडे बघा. माझ्या हाताकडे काय बघत बसता?"